'तरंग-कण द्वैत': इथे 'द्वैत' बरोबर आहे का?

खडूफळा:
बारावीसाठी प्रकाशाची टिपणं मराठीत लिहितेय. 'तरंग-कण द्वैत' लिहिलं आणि वडिलांनी हरकत घेतली. ते कीर्तन करतात. "द्वैत म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. तुझा प्रकाश एकच ना?" लेझरच्या तोंडावर केस चिकटवला की भिंतीवर उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात, तिथे तो तरंग. तोच प्रकाश धातूतून इलेक्ट्रॉन उडवतो तेव्हा ऊर्जा सुट्या पुंजांनीच देतो. वस्तू एकच, हे वडिलांचं खरं आहे. 'दुहेरी स्वरूप' लिहू का?

तिरीप:
द्वैतच ठेवा. 'कार्य' घरात एक, भौतिकीत दुसरं. मुलांना ते कळतं. वेदान्ताला विचारून परिभाषा करायची नसते.

तळकोकण:
मला तरंगाचीच अडचण. आमच्याकडे तरंग म्हणजे दसऱ्याला निघणारे, साड्या नेसवलेले देवाचे खांब. शाळेत 'ध्वनितरंग' ऐकलं तेव्हा डोळ्यांपुढे तेच आले. लाट का नको? उष्णतेची लाट चालते की.

तिरीप:
उष्णतेची लाट येते आणि ओसरते, तिच्यात पुन्हापुन्हा होणारं काही नाही. तळ्यात खडा टाकल्यावर उठतात ते तरंग. आणि 'तरंगलांबी'चं काय करणार?

जुनीवही:
कणाकडे कुणी बघेना. कवडशात दिसणाऱ्या धुळीच्या कणाला मनुस्मृतीत त्रसरेणू म्हटलंय. इतका जुना शब्दसाठा असताना प्रकाशाच्या पुंजाला फोटॉन कशाला? 'प्रकाशकण' लिहा.

खडूफळा:
प्रकाशकण म्हटलं की मुलांना उडणारा बारीक दाणा दिसतो, आणि तोच समज मला मोडायचा आहे. आइन्स्टाइननी १९०५ मध्ये प्रकाशाचे ऊर्जापुंज मांडले. फोटॉन हा शब्द रुळला तो १९२६ नंतर. त्याच्यावर जुन्या अर्थाचं ओझं नाही, म्हणून मला तो हवा.

जुनीवही:
मग तरंगावर ओझं नाही? तळकोकण यांनी आत्ताच सांगितलं. प्रत्येक मराठी शब्द असाच नाकारला तर शेवटी विभक्तिप्रत्यय तेवढे आपले उरतील.

तिरीप:
फोटॉनला, फोटॉनचा, फोटॉनने. प्रत्यय लागले की शब्द मराठी झाला, माझ्यापुरतं एवढं पुरतं.

तळकोकण:
कवडशाचा विषय निघालाच आहे तर, हा शब्द कवाडावरून आला का? आजी तसं सांगायची.

जुनीवही:
मला तरी तसंच वाटतं. कवाडाच्या फटीतून येतो तो कवडसा.

तळकोकण:
पण आमच्या माजघरात तो कौलांतून यायचा. कवाड बंद असलं तरी दुपारी बरोबर जात्यावर पडायचा.