घर नाही म्हणून अटक? (मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा, १९५९)

शिवडीकर:
परवा ऑफिसातून येताना बघितलं, सिग्नलला गजरे विकणाऱ्या एका बाईला भिकारी म्हणून पोलीस गाडीत बसवत होते, तिची गोधडी, पातेलं सगळं फुटपाथवरच पडलेलं. घरी येऊन तो कायदा शोधून वाचला. मला इतके दिवस वाटायचं की भीक मागितली तरच पकडतात. पण पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी असा फिरतोय किंवा थांबलाय की भिकेवर जगत असावा असं वाटतं, एवढ्यावर त्याला भिकारी धरता येतं, वॉरंटसुद्धा लागत नाही. आणि गाणं, नाच, कसरत, भविष्य सांगणं, वस्तू विकायला पुढे करणं हे पण त्यातच. म्हणजे आपला वासुदेव, पोतराज, डोंबाऱ्याची पोर सगळे आले. पहिल्या वेळी १ ते ३ वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर १० वर्षांपर्यंत! दिल्ली हायकोर्टाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती यातली बरीच कलमं रद्द केली, आणि ज्या मुंबईच्या नावाने हा कायदा झाला तिथे तो अजून आहे. माझं स्पष्ट मत, रद्द करा.

ठाण्याची आई:
असहमत. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. आमच्या गेटपासून दवाखान्यापर्यंत फुटपाथवर चार संसार मांडलेत, चूल, दोऱ्या, कपडे, सगळं. म्हणून सासूबाई फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालतात आणि मागच्या वर्षी रिक्षाचा धक्का लागून मनगट मोडलं. त्यांचा चालायचा हक्क कुठे गेला? गरिबीबद्दल वाईट मलाही वाटतं हो, पण टॅक्स भरणाऱ्याने तक्रार केली की लगेच तो निर्दयी ठरतो.

शिवडीकर:
ताई, निर्दयी कोण म्हणालं. सासूबाईंचं ऐकून खरंच वाईट वाटलं. पण फुटपाथ मोकळा करणं वेगळं आणि त्या माणसाला वर्षभर डांबणं वेगळं. ओल्गा टेलिस केस आठवा, १९८१ मध्ये ऐन पावसाळ्यात मुंबईतल्या फुटपाथवरच्या लोकांना हटवायला घेतलं होतं. १९८५ ला सुप्रीम कोर्टाने हटवू नका असं म्हटलं नाही, नोटीस द्या, त्यांचं ऐका असं म्हटलं, आणि रोजीरोटी हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे हे मान्य केलं. कोर्टाने तिथे या लोकांना गुन्हेगार ठरवलं नाही.

नागपूरकर:
आमच्याकडे मार्च २०२३ ला जी-२० चे पाहुणे येणार होते तेव्हा पोलीस आयुक्तांनी जमावबंदीचं कलम १४४ लावून चौकात भीक मागायला बंदी केली होती. भिंती रंगवल्या, झाडं लावली आणि माणसं उचलली. पाहुणे दोन दिवसांचे, पण ज्याला उचललं तो परत येऊन झोपणार कुठे हे कोणी विचारलंच नाही ना बाप्पा.

कायदा हवाच:
सगळे भावनेत वाहताय. सिग्नलला कडेवरचं बाळ बघा, भर उन्हात, एवढ्या हॉर्नमध्ये गाढ झोपलेलं. कोण झोपवतं त्याला? मागे टोळ्या असतात. कायदा काढला की त्यांना रान मोकळं.

शिवडीकर:
टोळीवाल्यांवर माझाही तेवढाच राग आहे. पण मुलाला पळवून भीक मागायला लावणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३९ खाली आधीच गुन्हा आहे, कमीत कमी १० वर्षं सक्तमजुरी. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यासाठी या १९५९ च्या कायद्यातही वेगळं कलम आहे. ते वापरा की. गाडीत मात्र बसते ती गजरेवाली.

रात्रपाळी:
मी दोन वर्षं रात्री फुटपाथवर जेवण वाटायला जायचो म्हणून लिहितोय. "शेल्टर आहे पण जात नाहीत" हे नेहमीचं वाक्य. अहो, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलगा मोठा झाला की तिसरीकडे, असं कोण राहील? दादरच्या फुलबाजारात पहाटे ४ ला हमाली मिळते, नाक्यावर सकाळी उभं राहावं लागतं, लांबच्या शेल्टरमधून त्या वेळी येणार कसं? बेघरांसाठीच्या केंद्राच्या योजनेतच निकष ठरला होता, १ लाख लोकवस्तीमागे किमान १०० जणांचं एक शेल्टर. मुंबई सव्वा कोटीची धरली तर सव्वाशे झाली पाहिजेत, तुमच्या वॉर्डात एक तरी माहितीये का बघा. २०११ च्या जनगणनेत मुंबईत ५७ हजारांच्या वर बेघर मोजले गेले होते.
आणि अजून एक. यातली कितीतरी कुटुंबं पारधी आहेत. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला गेला, सातच वर्षांनी १९५९ ला हा भिक्षा कायदा आणि त्याच साली मुंबई सराईत गुन्हेगार कायदा. आजोबाला जन्मावरून पकडलं, नातवाला चेहऱ्यावरून पकडतात, मला हे बघवत नाही.

कायदा हवाच:
इतिहास मान्य. तरी व्याख्या सुधारा म्हणतो, सगळा कायदा काढू नका.

ठाण्याची आई:
रात्रपाळी, एकत्र राहता येत नाही हे मला माहीत नव्हतं. पण मी वॉर्ड ऑफिसला तक्रार दिलीये आणि ती मागे घेणार नाही.

रात्रपाळी:
नका घेऊ ताई. त्यात फक्त एवढं वाढवा, की या चार कुटुंबांना जवळपास एकत्र राहता येईल असं शेल्टर द्या आणि पोलीस केस करू नका.

ठाण्याची आई:
बरं, लिहिते. पण तारीख मागणार आहे, सासूबाईंना पुढच्या महिन्यात परत त्याच दवाखान्यात न्यायचंय.