मदत हवी आहे: दूध सुटलं, दही सुटलं, चीज सुटत नाही

ओसरीवरची:

नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न नीट मांडता येणार नाही.

माझं माहेर संगमनेर तालुक्यातलं. भावाच्या गोठ्यात नऊ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर जातं. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) लागलं तर ठरलेला भाव, खाली आलं की कपात. मी त्याच दुधाच्या पैशावर शिकले. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कोणी शेतकऱ्याला बोल लावणार नाही.

गेल्या दिवाळीत मी तिकडे असताना एक गाय व्याली. गोऱ्हा झाला. आईने चिकाचा खरवस केला, गूळ-वेलची घालून, आणि मी नेहमीसारखी दोन वड्या घेऊन ओसरीवर बसले. समोर तो गोऱ्हा, आईपासून लांब, पडवीच्या खांबाला बांधलेला. चाटून चाटून त्याने खांबाचं लाकूड ओलं केलं होतं. पलीकडून गाय हंबरत होती. हे मी लहानपणापासून बघत आले आहे, पण त्या दिवशी वडी हातातच राहिली. भावाला विचारलं, याचं पुढे काय रे? तो काही बोलला नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. बैलाचं काम ट्रॅक्टर करतो, संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसल्यासारखंच म्हणून मानेवर जू नीट बसत नाही, २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदी असल्यामुळे उघड बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, आणि दूध न देणाऱ्या तोंडाला रोज पेंड घालणं एवढ्याशा गोठ्याला परवडत नाही. पंधरा दिवसांनी फोन केला तेव्हा तो गोठ्यात नव्हता. पुढचं विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून मी दूध सोडलं. चहा कोरा, गवती चहा घालून. दही शेंगदाण्याचं, ते आता छान लागतं. वरणभातावर तूप नाही हे आईला अजून पटलेलं नाही, पण मला जमलं.

अडलंय ते चीजपाशी. संध्याकाळी मुलगा क्लासहून येतो, तव्यावर त्याचा टोस्ट असतो, चीज कडेने फसफसून तांबूस होतं, आणि तो वास आला की माझा हात आपोआप जातो. तीन महिन्यांत चार वेळा खाल्लं. प्रत्येक वेळी रात्री झोप लागली नाही. एक किलो घट्ट चीजला साधारण दहा लिटर दूध लागतं, म्हणजे चहातलं अर्धा कप दूध सोडून मी चीज खात राहिले तर त्या सोडण्याला अर्थच नाही, हे मला कळतं.

आतापर्यंत काय केलं ते लिहिते. ऑनलाइन एक तयार व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीच नसलेला, चीजचा ब्लॉक मागवला. महाग होता, खोबरेल तेलाचा वास येत होता, तोंडात टाळूला चिकटला आणि तव्यावर वितळण्याऐवजी नुसता घामेजला. मग बेसन शिजवून थापून बघितलं. चव चांगली होती, पण ती पाटवडी झाली, चीज नाही. टोफू किसून घातला तर टोस्ट ओला झाला.

मला हवंय ते असं: टोस्टवर आणि ग्रिल सँडविचमध्ये वितळेल, थोडी तार येईल, आंबट-खारट असेल आणि पुण्यात घरच्या मिक्सरवर होईल. काजू रोज परवडणारे नाहीत. आणि माझं बी-१२ मागच्या तपासणीत कमी आलं होतं, त्याचंही कोणी सांगितलं तर बरं होईल. मुलाला आणि नवऱ्याला मी काही सोडायला लावलेलं नाही, लावणारही नाही.

वेंगुर्लेकरीण:

ताई, गोऱ्ह्याचं वाचून डोळे भरले. आमच्याकडे काजूची बाग आहे, म्हणून काजूपुरतं मी सांगू शकते.

अख्खा काजू कशाला घेता? वाटायचाच आहे तर तुकडा किंवा कणी घ्या. चव तीच, भाव बराच कमी. फक्त जुना माल नको. जुन्या कणीला खवट वास येतो आणि तो कशानेही झाकत नाही, म्हणून घेताना दोन दाणे चावून बघा.

चीजची जी चव तुम्हाला ओढते, ती आंबवल्याशिवाय येत नाही. नुसतं लिंबू पिळलं की चटणी लागते. शेंगदाण्याच्या दह्याला तुम्ही विरजण म्हणून मिरचीची देठं घालत असाल ना? तेच इथे करा. कणी गरम पाण्यात तीन-चार तास भिजवा, पाणी टाकून द्या, कमीत कमी पाण्यात गंधासारखी वाटा, तुमच्या शेंगदाण्याच्या दह्यातला चमचाभर घाला आणि काचेच्या भांड्यात वर कापड बांधून ठेवा. उन्हाळ्यात आठ-दहा तास, थंडीत चोवीस तासही लागतील. मीठ आंबल्यावरच घाला, आधी घातलं तर आंबणं मंदावतं. वास दह्यासारखा आला पाहिजे. गुलाबी किंवा काळा ठिपका दिसला तर वरवर काढून टाकू नका, सगळं फेका.

हे पावाला लावायला उत्तम होतं, पण वितळणार मात्र नाही. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आयंडहोवनहून:

मी नेदरलँड्समध्ये आहे. चीजचा देश, आणि माझ्या मुलीला दुधातल्या प्रथिनांची अॅलर्जी, म्हणून पाच वर्षं हाच अभ्यास चाललाय. तुमचा ब्लॉक का फसला ते सांगतो. बहुतेक तयार व्हीगन चीज म्हणजे खोबरेल तेल, पाणी आणि स्टार्च. त्यात प्रथिनं जवळजवळ नसतात. गाईच्या चीजमध्ये केसीन नावाच्या प्रथिनाची जाळी असते, कॅल्शियमने बांधलेली. उष्णता लागली की स्निग्धांश सुटतो, जाळी सैल पडते आणि ओढली की तार निघते. तेल-स्टार्चच्या ब्लॉकमध्ये ती जाळीच नाही. तव्याच्या कोरड्या आचेवर तेल आधी बाहेर येतं, तोच तुम्ही म्हणता तो घाम. तयार चीज वापरायचंच असेल तर बारीक किसा, वर थोडं पाणी शिंपडा आणि झाकण ठेवा. वाफेवर बरंच बरं वितळतं.

दुसरं, भारतात असताना लेबल नीट वाचा. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध चालतं. व्हीगनसाठी एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) २०२२ च्या नियमांत वेगळं चिन्ह दिलंय, हिरवा व्ही आणि त्यावर पान. ‘लॅक्टोज-फ्री’ वाचून फसू नका, ते दूधच असतं, फक्त त्यातली साखर फोडलेली. हॉटेलांत वापरतात त्या चीज अॅनालॉगमध्ये, म्हणजे चीजसारख्या नकली पदार्थात, तेल वनस्पतीचं असलं तरी बऱ्याचदा केसीन घातलेलं असतं. केसीनेट, व्हे पावडर, मिल्क सॉलिड्स हे शब्द शोधा.

मळ्यातला:

ताई, राग मानू नका, मनापासून विचारतो. माझ्याकडे दोन गावरान गाई आहेत. वासरू पोटभर पितं, मग उरलेलं आम्ही काढतो. गोऱ्हे मी विकले नाहीत, औताला आहेत. असं दूध मिळालं तर घ्याल का?

ओसरीवरची:

दादा, राग कसला, तुमच्यासारखे सगळे असते तर मी हा धागा काढलाच नसता. पण दुकानातलं चीज तुमच्या गाईंचं नसतं, आणि मला ओढ आहे ती त्याच चीजची. तुमच्या गाईंचं उरलेलं दूध तुमच्या घरच्या पोरांना पुरलं तरी पुष्कळ आहे. तुमचे गोऱ्हे औताला आहेत हे वाचून मात्र फार बरं वाटलं.

वेंगुर्ल्याच्या ताई, तुमच्या सांगण्याप्रमाणे आजच कणी भिजत घातली.

उपासवाली:

तार हवी आहे ना? तुमच्या डब्यात साबुदाणा असेलच. परदेशी पाककृतींत टॅपिओका स्टार्च लिहिलेलं असतं आणि लोक ते महाग पाकीट शोधत बसतात. आपला साबुदाणा टॅपिओकाचाच. खिचडी जास्त भिजली की कशी गोळा होऊन ओढली जाते, आठवा. तीच तार इथे कामाला येते.

साबुदाणा कोरडाच, मंद आचेवर तीन-चार मिनिटं गरम करा, रंग बदलू देऊ नका. गार झाला की मिक्सरमध्ये अगदी बारीक दळा आणि मैद्याच्या चाळणीने चाळा. भरड राहिला तर चीजमध्ये कचकच लागते, मी पहिल्यांदा तिथेच चुकले.

मग वेंगुर्ल्याच्या ताईंचा आंबलेला काजू अर्धी वाटी, पाणी एक वाटी, हे पीठ तीन मोठे चमचे, बिनवासाचं तेल दोन चमचे, मीठ पाऊण चहाचा चमचा. सगळं गार असतानाच मिक्सरमधून फिरवा, गरम पाण्यात पिठाच्या गाठी होतात. जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर सतत ढवळा. दोन-तीन मिनिटांनी फाटल्यासारखं, गुठळ्या झाल्यासारखं दिसेल. इथे घाबरून गॅस बंद करू नका. ढवळत राहा, आणखी तीन मिनिटांत चकाकी येते आणि उलथनं वर उचललं की तार सुटते. तेव्हा थांबा. काजू निम्मा करून बाकी सोललेले भिजवलेले शेंगदाणे घातले तरी तार तशीच येते, चव जरा देशी होते.

न्यूट्रिशनल यीस्टचे पिवळे कण मिळाले तर एक चमचा घाला, खमंगपणा त्याने येतो. पण पावाचं यीस्ट त्याऐवजी घालू नका. ते जिवंत असतं आणि कडू लागतं.

स्लाइस पाडायला चायना ग्रास (समुद्रशेवाळापासूनचं अगर-अगर) घालतात. वडी सुरेख पडते, पण एकदा धरलेलं चायना ग्रास पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते. टोस्टच्या आत तेवढं तापत नाही, म्हणून वितळवायच्या चीजमध्ये मी ते घालत नाही.

पथ्यपाणी:

आहारशास्त्र शिकवते, म्हणून थोडं रुक्ष बोलते. बी-१२ वनस्पतीजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही. न्यूट्रिशनल यीस्टमध्ये ते असतं असं ऐकाल, पण कारखान्यात वरून घातलेलं असेल तरच. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर नाही असंच समजा. तुमचं आधीच कमी आहे, तेव्हा डॉक्टरांना रिपोर्ट दाखवून गोळी किंवा इंजेक्शन सुरू करा. हे चीजच्या प्रयोगांच्याही आधी. हातापायांना मुंग्या येत असतील तर उद्याच जा.

कॅल्शियमसाठी चीजची जागा काजू घेऊ शकत नाही, ही गल्लत बरेच जण करतात. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये प्रौढांसाठी दिवसाला १००० मिलिग्रॅम सांगितलंय. नाचणीची भाकरी, तिळाची चटणी, कॅल्शियम सल्फेटने जमवलेला टोफू असं रोजच्या रोज ताटात हवं. चीज चवीपुरतं राहू द्या.

ओसरीवरची:

सगळ्यांना आधी नमस्कार. आज पाचवा दिवस आहे.

परवाचा पहिला घाणा मी घाबरून अर्धवटच बंद केला, गुठळ्या दिसल्या तेव्हाच. उपासवाली ताई, तुम्ही बजावूनसुद्धा. ते पीठ-पीठ लागलं. काल पुन्हा केलं आणि घड्याळ लावून ढवळत राहिले. पाचव्या मिनिटाला कढईतला आवाजच बदलला, पचपच थांबली आणि गोळा कडा सोडून उलथन्याभोवती फिरायला लागला. वर उचललं तर वीतभर तार निघाली. मी नवऱ्याला हाक मारून दाखवली.

टोस्टवर घातलं, वर झाकण ठेवलं. वितळलं, पसरलं. कडेने तांबूस होत नव्हतं, म्हणून शेवटी झाकण काढून टोस्ट दोन मिनिटं उलटा टाकला, तेव्हा झाला. वास वेगळा आहे. ताकाच्या कढीसारखा काहीसा आहे, मला आवडला. मुलाने अर्धा खाल्ला आणि बाकीच्या अर्ध्यावर त्याचं नेहमीचं चीज मागितलं. दिलं. मी माझ्याच टोस्टवर थांबले.

बी-१२ साठी सोमवारी डॉक्टरांकडे जाते आहे. मुंग्या येतात, मी आधी लिहिलं नव्हतं.

आता आणखी एक. पुढच्या महिन्यात आई इकडे येणार आहे. तिने फोनवर विचारलं, तुझ्यासाठी चिकाचा खरवस आणू का? मी नको म्हटलं, तर बराच वेळ ती गप्प राहिली. तिने माझ्यासाठी ती एकच गोष्ट दर वेळी आठवणीने केली आहे. मला तिला इथे नारळाच्या दुधाचा खरवस करून खाऊ घालायचा आहे, गुळाचा, तिच्यासारखाच वेलची-जायफळ घालून. कोणी केला आहे का? चायना ग्रास किती घालायचं?

वेंगुर्लेकरीण:

आमच्याकडे होतो. जाड नारळाचं दूध दोन वाट्या, चिरलेला गूळ पाऊण वाटी, चायना ग्रासची पावडर दीड चहाचा चमचा. पावडर आधी अर्धी वाटी पाण्यात घालून दोन-तीन मिनिटं खळखळून उकळा, पूर्ण विरघळली पाहिजे. गूळ त्यातच विरघळवून गाळून घ्या, गुळात खडा असतो. नारळाचं दूध वेगळं कोमट करा, उकळू देऊ नका, फुटतं. मग दोन्ही एकत्र करा. दूध गारच ओतलं तर गाठी होतात. ताटात ओतून तासभर हलवू नका.

आणि ताई, पत्ता मला खाजगी निरोपात पाठवा. आईंसाठी इथला गूळ आणि दोन नारळ पाठवते, कणीही असेल त्यात.