मदत हवी आहे: एकच दीर्घिकासमूह, दोन निरीक्षणं, तापमानात दुपटीहून फरक

पठारावरचा
नमस्कार मंडळी. ताळगावला एमएस्सी फिजिक्स करतोय. चवथीच्या सुट्टीआधी प्रोजेक्टचा मसुदा द्यायचाय आणि एका जागी पार अडकलोय. क्ष-किरण डेटा हाताळलेलं कोणी असेल तर कृपया बघा.

समूह आहे आबेल १७९५, आपल्यापासून ८० कोटींहून जास्त प्रकाशवर्षांवर. त्यातल्या दीर्घिकांच्या मधे जो विरळ, तप्त वायू भरलाय त्याचं तापमान काढायचंय. हा वायू क्ष-किरणांत झळकतो आणि क्ष-किरण वातावरणातून खाली पोचत नाहीत, म्हणून अवकाशातल्या चंद्रा दुर्बिणीचा आर्काइव्हमधला डेटा घेतला. (आई शेजारीपाजारी सांगते, मुलगा चांद्रयानावर काम करतो. दुर्बिणीचं नाव खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांवरून आहे हे दोनदा सांगून झालं.)

एक निरीक्षण २००० सालचं, दुसरं त्यानंतर वीस वर्षांनी घेतलेलं. दोन्ही दुर्बिणीच्या डिटेक्टरमधल्या एस३ चिपवर. सियाओमध्ये (चंद्राचा डेटा हाताळायचं सॉफ्टवेअर) दोन्हींना तीच ट्रीटमेंट: फ्लेअरचा, म्हणजे बॅकग्राउंड अचानक उसळतो तो, वेळ कापला, बिंदुस्रोत काढले, समूह अख्खी चिप व्यापतो म्हणून बॅकग्राउंड ब्लँक-स्कायचं, म्हणजे रिकाम्या आकाशाच्या निरीक्षणांतलं. मग शेर्पात (त्यातलाच फिटिंगचा प्रोग्राम) ०.५ ते ७ केईव्ही (फोटॉनच्या ऊर्जेचं एकक, वायूचं तापमानही त्यातच सांगतात), तप्त वायूचं अ‍ॅपेक मॉडेल, एनएच (वाटेतल्या हायड्रोजनचं प्रमाण, तो कमी ऊर्जेचे क्ष-किरण शोषतो) फ्रीझ.

जुन्यात ६ केईव्हीच्या आसपास येतं, म्हणजे सात कोटी केल्विन. पुस्तकातही तेवढंच. नव्यात आकडा १५ च्या वर पळतो आणि फिट भयानक: १ केईव्हीच्या खाली डेटा मॉडेलच्या कितीतरी खाली. एनएच मोकळा सोडला तर तोही अवाच्या सवा वाढतो. समूहाच्या या टोकाकडून त्या टोकाला प्रकाशालाच लाखो वर्षं लागतात, तो वीस वर्षांत तापणार कसा? त्यात काल पावसात तीनदा वीज गेली, प्रत्येक वेळी रन पहिल्यापासून.

कोपरखळी
शोध लागला म्हणायचा! मसुद्याऐवजी थेट स्टॉकहोमला पत्र टाका. ह. घ्या.

उंबरठा
समूह आहे तिथेच आहे, दुर्बीण बदललीय. डिटेक्टरसमोर दृश्य प्रकाश अडवणारा एक पातळ फिल्टर असतो. तो थंड, त्यामुळे यानातलीच द्रव्यं त्यावर हळूहळू गोठत गेली आहेत, मुख्यतः कार्बन. गोव्यात दुर्बीण कपाटात ठेवून पावसाळा काढला की भिंगावर बुरशीचा पापुद्रा धरतो ना, तसंच, फक्त हा पुसायला कोणी जाऊ शकत नाही. कमी ऊर्जेचे फोटॉन त्यात अडकतात, जास्त ऊर्जेचे सहज पार होतात. असे मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, फोटॉन गळाले की स्पेक्ट्रम कडक, म्हणजे जास्त ऊर्जेकडे झुकलेला, दिसतो आणि फिटला वाटतं वायू जास्त तापलाय. गंमत म्हणजे हा थर किती वाढला ते मोजायला ज्या स्रोतांकडे पुन्हा पुन्हा बघतात, त्यांत तुमचा आबेल १७९५ आहेच. कारण तुम्हीच दिलंय: तो बदलत नाही.

आधी एक करा. दोन्ही स्पेक्ट्रम फक्त २ ते ७ केईव्हीत फिट करून बघा. लोखंडाची ६.७ केईव्हीची रेषाही त्यातच येते. तिथे आकडे जुळले तर गोंधळ खालच्या टोकाला आहे. थराचा हिशोब एआरएफ फाइलमध्ये (कुठल्या ऊर्जेला दुर्बीण किती संवेदनशील ते सांगणारी) निरीक्षणाच्या तारखेप्रमाणे घातलेला असतो. दुसऱ्या स्पेक्ट्रमला कुठली एआरएफ लावलीय?

पठारावरचा
२ ते ७ मध्ये ६.१ आणि ६.४! एरर बारमध्ये जुळतात.

आणि एआरएफ... स्क्रिप्ट कॉपी-पेस्ट केली होती. स्पेक्ट्रमचं नाव बदललं, एआरएफच्या ओळीत २००० चीच फाइल राहिली. आठवडाभर बॅकग्राउंडला शिव्या घालत होतो.

उंबरठा
हे सगळ्यांचं होतं, माझंही झालंय. आता दुसऱ्याची एआरएफ नव्याने बनवा, पण त्याआधी कॅलडीबी (कॅलिब्रेशनच्या फाइलींचा संच) कधीची आहे तेही बघा. थराचं मॉडेल अधूनमधून सुधारतात.

पठारावरचा
कॅलडीबी सीनियरच्या पेनड्राइव्हवरून घेतलेली, बरीच जुनी निघाली. नवीन उतरवायला लावलीय. वीज टिकली तर रात्री फिट टाकतो. संपादक, शीर्षकात "माझी चूक" एवढं जोडता येईल का?