टर्नटेबलमध्ये आधी काय बदलू? सुई, मॅट, प्लॅटर की केबल?

तबकडी_३३

नमस्कार मंडळी. माझ्याकडे बेल्टवर चालणारा टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) आहे. त्यावर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम ९५ ई कार्ट्रिज (सुई बसते तो भाग, जो तिच्या थरथरीचा विद्युत सिग्नल करतो) आहे आणि फोनो प्री-अँप, म्हणजे तो क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट, प्लेअरच्या आतच आहे. तक्रार एकच. रेकॉर्डच्या कुठल्याही बाजूचं पहिलं गाणं सुरेख वाजतं, पण शेवटच्या गाण्यापर्यंत पोचेस्तोवर गायिकेचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ फाटका येतो. झांजांचा तर नुसता फिसफिसाट ऐकू येतो. पैसे एकाच बदलापुरते आहेत. कोणी ॲक्रिलिकचा प्लॅटर (रेकॉर्डखालची फिरती थाळी) घ्या म्हणतं, कोणी त्यावर घालायची कॉर्कची मॅट, कोणी केबल. ज्यांनी स्वतःच्या कानांनी फरक ऐकलाय त्यांनी कृपया सांगा.

खाचेतलीसुई

सुई. दुसरं काहीही नाही.

का ते सांगतो. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने बारा इंची रेकॉर्ड फिरते तेव्हा बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर खाच सरकते. लेबलाजवळ हेच अंतर २१ सेंटीमीटरवर येतं. म्हणजे १० किलोहर्ट्झच्या सुराची एक लहर बाहेर ५१ मायक्रॉन लांब असते आणि आत तीच २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली असते. तुमची सुई इलिप्टिकल, म्हणजे लंबगोल टोकाची आहे, तिच्या कडेची त्रिज्या ७-८ मायक्रॉन. इतक्या बारीक वळणात ती नीट उतरत नाही, वरवर घासत जाते. ‘स’ फाटतो तो इथे. त्याच मालिकेतल्या मायक्रोलिनिअर (एमएल) सुईची कड ३ मायक्रॉनच्या आसपास आहे, त्यामुळे ती आतल्या वळणांतही बसते.

तुमचं नशीब म्हणजे व्हीएम ९५ च्या सगळ्या सुया एकाच बॉडीत बसतात. एमएल सुई आणा, जुनी ओढून काढा, नवी सरकवा. कंपनी इलिप्टिकलचं आयुष्य ३०० तास सांगते आणि एमएलचं १०००, म्हणजे महाग वाटली तरी तासांच्या हिशेबात ती परवडते.

पण थांबा, आधी प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन तपासायचा आखीव तक्ता) काढा. कार्ट्रिज हेडशेलमध्ये (आर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या टोकाला) मिलिमीटरभर जरी मागेपुढे असलं तरी आतल्या गाण्यांवर लगेच परिणाम होतो. बेअरवाल्ड नावाच्या मांडणीत स्पिंडलपासून (रेकॉर्ड अडकवायच्या मधल्या खुंटीपासून) ६६ आणि १२१ मिलिमीटरवर दोन बिंदू असतात. दोन्हीकडे सुईची दांडी (टोक जिला बसवलेलं असतं ती बारीक काडी) तक्त्यावरच्या रेघेला समांतर हवी. कार्ट्रिजच्या बॉडीकडे बघू नका, भिंगातून दांडीच बघा. मग छोट्या वजनकाट्यावर सुईचा भार २ ग्रॅम करून घ्या. हे न करता प्लॅटर बदलणं म्हणजे आधी कळस मग पाया.

पट्टाआणिपुली

सुईबद्दल दुमत नाही, पण ‘दुसरं काहीही नाही’ हे मला पटत नाही. वेग डळमळत असेल तर कितीही महागडी सुई लावा, पियानोचा लांब सूर थरथरतच ऐकू येणार. बेल्ट सैल झालाय का बघा. पुली आणि बेल्ट जिथून फिरतो ती प्लॅटरची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. आणि सूर जर दर १.८ सेकंदांनी, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला वरखाली होत असेल, तर दुसरी रेकॉर्ड लावून बघा. तिथे तसं होत नसेल तर मोटर निर्दोष आहे, पहिल्या रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही किंवा ती वाकली आहे. त्यावर प्लेअरमध्ये इलाज नाही.

मॅटचं म्हणाल तर बास थोडा घट्ट किंवा सैल होतो, बस. त्यातही बराचसा फरक जाडीमुळे पडतो, कारण २ मिलिमीटर जाड मॅट घातली की नेहमीच्या लांबीच्या आर्मचा कोन जवळजवळ अर्ध्या अंशाने बदलतो. ज्या आर्मची उंची बदलता येत नाही तिथे हे लक्षात ठेवा.

४७किलोओहम

केबलबद्दल. एमएम (हलत्या चुंबकाचं, तुमच्यासारखं) कार्ट्रिज आणि प्री-अँप यांच्यामधली केबलच महत्त्वाची, तीही तिच्या कपॅसिटन्समुळे (विद्युतभार साठवण्याच्या गुणामुळे). व्हीएम ९५ ला एकूण १०० ते २०० पिकोफॅरड लागतात. आर्मची वायर, केबल आणि प्री-अँपचं इनपुट मिळून हा आकडा फार वाढला तर वरच्या सुरांना फुगवटा येतो आणि ‘स’ आणखी टोचतो. पण तुमचा प्री-अँप आतच आहे, म्हणजे बाहेरची केबल या हिशेबात येतच नाही. तिच्यावर पैसे घालू नका.

पुढे कधी बदल करायचाच असेल तर वेगळा फोनो प्री-अँप घ्या. रेकॉर्ड कापताना २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल घटवलेलं आणि २० किलोहर्ट्झला तेवढंच वाढवलेलं असतं. ते अचूक उलटवणं हे प्री-अँपचं काम, आणि स्वस्त अंगभूत सर्किटात ते यथातथाच होतं. एमसी (हलत्या वेटोळ्याच्या) कार्ट्रिजच्या मोहात मात्र आत्ता पडू नका. त्यातल्या बहुतेकांचं आउटपुट अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली असतं, तुमच्या प्री-अँपला ते झेपणार नाही.

तबकडी_३३

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रोट्रॅक्टर लावून बघितला. १२१ च्या बिंदूवर दांडी बरोबर होती, ६६ वर स्पष्ट तिरकी. कार्ट्रिज थोडं पुढे घेऊन किंचित वळवलं, मग दोन्हीकडे जुळलं. शेवटच्या गाण्यातला ‘श’ आता सहन होतो, झांजा अजून खरखरतात. एमएल सुई मागवते आहे. एक शंका: काही रेकॉर्ड जुन्या बाजारातल्या आहेत. त्या नव्या सुईवर सुधारतील का?

खाचेतलीसुई

काही सुधारतील, काही नाही. बारीक सुई खाचेच्या भिंतीला जास्त उंचीपर्यंत टेकते, त्यामुळे जुन्या सुईने न झिजवलेला भाग तिला सापडू शकतो. भिंतच खरवडली गेली असेल तर ते ओरखडे उलट जास्त स्वच्छ ऐकू येतात. आधी त्या रेकॉर्ड ओल्या पद्धतीने धुऊन घ्या, खाचेच्या तळातली घाण या टोकाला फार लवकर चिकटते. आणि सुई साफ करताना ब्रश नेहमी मागून पुढे फिरवा, आडवा कधीच नाही. दांडी वाकली तर प्रोट्रॅक्टरही काही करू शकणार नाही.