मदत हवी आहे: गाण्यासाठी आयईएम घ्यायचाय, दोनांत अडकलोय, शनिवारच्या आत सांगा

खर्जवेडा
सरळ मुद्द्यावर येतो. वरच्या श्रेणीतला एकच आयईएम (कानात आत बसणारा इयरफोन) घ्यायचा आणि पुढची सात-आठ वर्षं बदलायचा नाही, असं ठरवलंय. यादी छाटत छाटत दोनांवर आलो: सेनहायझर आयई ९०० आणि सिक्स्टीफोर ऑडिओ यू१२टी. मी फक्त गाणं ऐकतो, धमधम बेस नको. मागच्या वर्षी सहा बॅलन्स्ड आर्मेचरचा (चिमुकले ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग) एक घेतला होता, तीन महिन्यांत भाच्याला देऊन टाकला. गळा पार वाळल्यासारखा यायचा, अर्ध्या तासात कान दुखायला लागायचे. तेव्हापासून बॅलन्स्ड आर्मेचर गाण्यासाठी नाहीच, असं माझं मत झालंय. पण यू१२टीबद्दल सगळेच इतकं चांगलं बोलतात की निर्णय होत नाही. शनिवारी दोन्ही ऐकायला मिळणार आहेत, प्रत्येकी अर्धा तास. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी एका ओळीत सांगा, कुठला?

डबलपेडल
आयई ९००. मी दोन वर्षं रोज वापरतोय. सात मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर (स्पीकरसारखा पडद्याचा), मध्ये क्रॉसओव्हर (आवाजाचे पट्टे ड्रायव्हरांत वाटणारं सर्किट) नाही, त्यामुळे सगळा आवाज एकसंध येतो. वेगवान मेटलमध्ये डबल बेस ड्रमचा ठोका न् ठोका सुटा ऐकू येतो, गिटारच्या भिंतीत बुडत नाही. डोळे झाकून घ्या.

शांतश्रोता
गाणं म्हणजे कुठलं गाणं? वरचा प्रतिसाद मेटलचा आहे, त्यावर जाऊ नका. आणि कशाला लावून ऐकता? फोन, डॉंगल (फोनला लावायचा छोटा अँप), प्लेअर?

खर्जवेडा
गाणं म्हणजे गाणं हो, ख्याल! दुसरं काय असणार? विलंबित जास्त ऐकतो, आणि जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं ध्वनिमुद्रण भरपूर आहे.

डबलपेडल
माफ करा, मला वाटलं गाणी. तरी माझं उत्तर तेच.

आलेखताई
ख्याल असेल तर मी उलट सांगेन. आयई ९००चा ग्राफ (कुठल्या पट्टीतला आवाज किती जोरात येतो त्याचा) बघा. खालचा भाग उचललेला, वरचा भाग उचललेला आणि मधला त्या मानाने मागे. गायकाचा सगळा जीव त्या मधल्या पट्ट्यात असतो. यू१२टी खाली थोडा उबदार आहे आणि वरच्या मध्यात सौम्य, त्यामुळे तार सप्तकातली तान टोचत नाही. जुन्या तबकड्यांचा तर प्रश्नच वेगळा. त्यांत वरच्या पट्टीत गळ्याचं फार थोडं असतं आणि सुईची खरखर फार. ट्रेबल उचलणारा आयईएम लावलात तर तुम्ही ती खरखरच उचलून ऐकणार. १९२५च्या आधीची, कर्ण्यात गाऊन केलेली ध्वनिमुद्रणं असतील तर आणखीच.

कानसेन
ताई, ग्राफवर गाणं ऐकता येत नाही. ते मापन ज्या कृत्रिम कानात होतं त्यालाच आठ किलोहर्ट्झच्या आसपास स्वतःची घुमार आहे, तिथून पुढच्या रेघेवर विश्वास ठेवू नये हे मापणारेच सांगतात. आयईएम कानात एक-दोन मिलिमीटर खोल गेला तरी ते शिखर सरकतं. तुमच्या कानात, माझ्या कानात आणि त्या धातूच्या नळीत तीन वेगळे आवाज असतात.

आलेखताई
आठ किलोहर्ट्झच्या वरचं मी काही बोललेच नाही. दोनशेपासून चार हजारपर्यंत बोलले, आणि तिथे मापन चांगलं जुळतं. हार्मनच्या संशोधकांनी जो टार्गेट (आदर्श ग्राफ) काढला तोही प्रत्यक्ष श्रोत्यांना ऐकवून, त्यांच्या आवडीवरूनच काढलाय. मशीनला विचारून नाही.

कानसेन
सरासरी आवड. यांच्या कानाची आवड नाही.

ईक्यूमित्र
एवढा वाद कशाला? कुठलाही स्वच्छ वाजणारा, कमी विकृतीचा आयईएम घ्या आणि पॅरामेट्रिक ईक्यूने (हव्या त्या पट्टीचा आवाज कमी-जास्त करायची सोय) हवा तसा वळवा. तीन हजारला दोन डेसिबल खाली, आठ हजारला तीन खाली, झालं काम. मी चार वर्षांत नवीन काही घेतलेलं नाही. फक्त उचल देण्याआधी प्रीअँप (एकूण पातळी) तेवढाच खाली घ्या, नाहीतर आवाज फाटेल.

खर्जवेडा
ईक्यू नको. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला वेगळं बसवत बसायचं नाही मला. जे कानात येईल ते सरळ यावं.

धावपटू
मी पळताना ऐकतो. वायरलेस घ्या, केबलचा त्रासच नाही. एलडॅक (ब्लूटूथवर आवाज पाठवायची पद्धत) असेल तर ९९० किलोबिटपर्यंत जातं, फरक कळत नाही.

शांतश्रोता
धावपटू, विलंबित ऐकत पळणारा माणूस मला तरी माहीत नाही. खर्जवेडा, तुम्ही अजून सांगितलं नाहीत कशाला लावता. दुसऱ्यांदा विचारतोय.

तांब्याचीतार
केबलबद्दल कोणीच बोलत नाही. आयई ९००चं एमएमसीएक्स कनेक्टर खोल बसवलेलं असतं, बाहेरच्या बऱ्याच केबल त्यात बसत नाहीत. यू१२टी दोन पिनांचा, ०.७८ मिलिमीटर, त्याला ढिगाने पर्याय. चांगली तांब्याची केबल लावलीत तर गळ्याला ओलावा येतो, हा माझा अनुभव आहे.

आलेखताई
कनेक्टरचं बरोबर. ओलाव्याचं मान्य नाही. केबलने फरक पडायचा तर तिचा रोध आयईएमच्या तुलनेत मोजण्याइतका हवा.

ओहमकर
आणि असाच रोध केबलच्या अलीकडे, अँपमध्ये असला तर? शांतश्रोतांचा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. खर्जवेडा, तुमच्या वर्णनात एक गोष्ट खटकते. सहा आर्मेचरचा आयईएम 'वाळल्यासारखा' वाजला म्हणता, आणि भाच्याला दिलात. भाचा काय म्हणतो?

खर्जवेडा
भाचा खूश आहे. तो फोनला डॉंगल लावून काहीही ऐकतो, त्याला काय कळतंय. मी माझ्या ट्यूबच्या अँपवर ऐकतो, बारा वर्षं तोच आहे, त्यात काही दोष नाही. माझा आधीचा एकच डायनॅमिक ड्रायव्हरवाला आयईएम त्यावर अप्रतिम वाजायचा, म्हणून अँपचा विषय काढलाच नाही. फक्त त्या सहा आर्मेचरवाल्याला मागे बारीक घुंऽऽ यायचं.

ओहमकर
सापडलं बहुतेक. अँपच्या मॅन्युअलमध्ये आउटपुट इम्पीडन्स (अँपचा स्वतःचा रोध) किती लिहिलाय तेवढं बघून सांगा.

खर्जवेडा
३० ओहम. त्याने काय होतं?

ओहमकर
जरा लांबण लावतो, पण हेच मूळ आहे.

डायनॅमिक ड्रायव्हरचा इम्पीडन्स खालपासून वरपर्यंत जवळजवळ सपाट असतो. समजा १६ ओहम, तर सगळीकडे साधारण १६च. अनेक आर्मेचर क्रॉसओव्हरने जोडले की तसं राहत नाही. एका ठिकाणी १० ओहम, दुसऱ्या ठिकाणी ४०. आता अँपचे ३० ओहम या सगळ्याच्या आधी बसलेत आणि व्होल्टेज दोघांत वाटलं जातं. जिथे आयईएम १० ओहमचा आहे तिथे त्याच्या वाट्याला येतो पाव भाग, १० भागिले ४०. जिथे तो ४० ओहमचा आहे तिथे ४० भागिले ७०, म्हणजे निम्म्याहून जास्त. दोन्हींत फरक सात डेसिबलचा. अँपचा इम्पीडन्स १ ओहम असता तर हाच फरक अर्ध्या-पाऊण डेसिबलचा झाला असता. थोडक्यात, नकळत तुम्ही त्या आयईएमला सात डेसिबलचा ईक्यू लावून ऐकत होतात, आणि तोही बनवणाऱ्याने न ठरवलेला. वरच्या भागात इम्पीडन्स जास्त असेल तर वरचा भाग डोक्यावर बसतो आणि गळा मागे पडतो. तुम्ही त्याला 'वाळला' म्हणालात, तो शब्द अगदी नेमका आहे.

जुन्या लोकांना एटिमोटिकचा ईआर-४पी हा आयईएम आठवत असेल. त्याला ७५ ओहमची ॲडॉप्टर केबल लावली की तो ईआर-४एससारखा वाजायचा, वरून जास्त उजळ. आत एकच आर्मेचर, बाहेर फक्त एक रोधक, आणि आवाजाचा स्वभावच बदलायचा.

तुमचा अँप वाईट नाही. ३०० ओहमचे मोठे हेडफोन लावलेत तर हे ३० ओहम त्यांना जाणवणारही नाहीत. आयईएमसाठी मात्र साधा नियम असा: अँपचा इम्पीडन्स आयईएमच्या आठव्या भागापेक्षा कमी हवा. तो घुंऽऽ आवाजही त्यातलाच. इतक्या संवेदनशील आयईएमला अँपची तळाची गुणगुण ऐकू येते, तुमच्या डायनॅमिकला कदाचित पोचत नसेल.

कानसेन
हे पटलं. ग्राफवाल्यांचं असतं तर मी भांडलो असतो.

आलेखताई
हाही ग्राफच आहे, इम्पीडन्सचा.

खर्जवेडा
थांबा. म्हणजे आर्मेचरबद्दलचं माझं मत अँपमुळे झालं, असं म्हणायचंय तुम्हाला? मी तीन महिने ऐकलंय, एक-दोन दिवस नाही.

ओहमकर
तीन महिने एकाच अँपवर ऐकलंत. खात्री तुम्हीच करा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. भाच्याकडून तो आयईएम आणि डॉंगल दोन दिवस मागून आणा. तंबोरा एकटा वाजतोय अशी सुरुवात असलेलं ध्वनिमुद्रण घ्या, आधी अँपवर, मग डॉंगलवर. आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी ठेवा, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. तंबोऱ्याइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. काळी एक षड्ज धरला तर खर्जाची तार ७० हर्ट्झच्या आसपास येते, पण जवारीमुळे (तारेच्या झणझणीत गुंजनामुळे) त्या मूळ स्वरापेक्षा वरचे स्वरच जास्त बोलतात, पार काही हजार हर्ट्झपर्यंत. मधला कुठलाही तुकडा खाली-वर झाला की तंबोरा लगेच बिघडतो.

धावपटू
पण वायरलेस घेतलं तर आउटपुट इम्पीडन्सचा प्रश्नच येत नाही ना?

ओहमकर
हो, ते खरं आहे. अँप आतच असतो आणि बनवणाऱ्याने त्याच ड्रायव्हरसाठी जुळवलेला असतो. पण यांनी निवडलेले दोन्ही तारेचे आहेत.

शांतश्रोता
आवाजाची पातळी सारखी ठेवा म्हटलंय, त्यात भर घालतो. अँपवर मधला भाग दबलेला असल्यामुळे तुम्ही नॉब जास्त फिरवत असणार, कान दुखण्याचं तेही कारण असू शकेल. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांचा आहे, त्यावर प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. तुम्ही विलंबित ऐकणारे, तासन्‌तास ऐकत असणार.

तांब्याचीतार
साचा घेऊन कानाच्या मापाचा कस्टम करून घेतला तर हे सगळं बाजूला राहील. सील (कानात घट्ट बसणं) पक्कं.

कानसेन
सील पक्कं झालं तरी ३० ओहम तिथेच राहतात. आणि कस्टम दुसऱ्याच्या कानात जात नाही. यांनी तर तीन महिन्यांत एक देऊन टाकलाय.

खर्जवेडा (शुक्रवार, रात्री)
आणला. भाच्याने कारण विचारलं, सांगितलं.

आधी अँपवर लावला. मला आठवत होतं तसंच. तंबोरा सुरू झाला की नुसती जवारीची झिणझिण पुढे, खर्ज कुठेतरी खोल, आणि मागे तो घुंऽऽ. मग डॉंगल. एक मिनिट काहीच कळलं नाही, फक्त मागची शांतता कळली. मग गंधार ऐकू आला. स्वयंभू गंधार, खर्जाच्या तारेतून सुटणारा. अँपवर तो झिणझिणीखाली गाडला गेला होता. इथे प्रत्येक फेरीला, तार छेडल्यावर क्षणभराने, आपला आपण वर येत होता. चार वेळा अदलाबदल करून पाहिलं. चारही वेळा तेच. मग गळा आला, आणि त्यात ओल होती. डग्ग्याची मींडही पूर्ण ऐकू आली, नुसता सुरुवातीचा थाप नाही.

तीन महिने मी या आयईएमला नावं ठेवली आणि इथेही लिहिलं. ते मागे घेतो. आयईएम भाच्याचाच राहील, दिला तेव्हा त्याने आनंदाने घेतला होता.

आता प्रश्न बदलला. यू१२टीमध्येही बारा आर्मेचर आहेत. म्हणजे तो माझ्या अँपवर असाच बिघडणार का?

ओहमकर
नाही, आणि ही तुमच्यासाठी चांगली बातमी. यू१२टीचा इम्पीडन्स मुद्दाम सपाट ठेवलाय, १२.६ ओहम. त्यामुळे ३० ओहमवर लावलात तरी टोन फारसा बदलणार नाही, फक्त आवाज कमी होईल आणि गुणगुण ऐकू यायची शक्यता राहील. आयई ९०० एकाच डायनॅमिकचा, त्यालाही टोनचा धोका नाही. म्हणजे या दोघांत निवड करताना अँप बाद, आर्मेचर की डायनॅमिक हाही मुद्दा बाद. राहिला फक्त तुम्हाला हवा तो आवाज. तरीही उद्या डॉंगल घेऊनच जा.

आलेखताई
आणि मी मघाशी म्हटलेलं डोक्यातून काढून ऐका. मला यू१२टी लागेल असं वाटतं, पण तुम्ही जवारीबद्दल जे लिहिलंत ते वाचून मला माझी खात्री राहिली नाही. जवारीला वरचा भागही लागतो.

डबलपेडल
ऐका की आयई ९००! मी सोडत नाही.

शांतश्रोता
अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं टिप्सवरच घालवा. सिलिकॉनचे तिन्ही आकार, आणि डाव्या-उजव्या कानाला वेगळे लागले तर वेगळे. सील सुटलं की खर्ज जातो आणि तुम्ही पुन्हा आयईएमला दोष द्याल. यू१२टीसोबत एम१५ आणि एम२० असे मॉड्यूल (आयईएममध्ये बदलून बसवायचे छोटे भाग) येतात. एम२० जास्त बंद, एम१५ने खालचा भाग थोडा हलका होतो. तंबोरा आणि गळ्यासाठी एम१५पासून सुरुवात करा. मधे-मधे उडी मारू नका, एकच विलंबित दहा मिनिटं सलग ऐका. कान थकतो की नाही ते त्यातच कळेल.

खर्जवेडा
एम१५. लिहून घेतलं. तबकडीवरचं एक आणि तंबोऱ्याचं हे, दोनच ध्वनिमुद्रणं नेतोय. सकाळी साडेदहाची वेळ आहे.