दातांच्या डॉक्टरकडं पोराला मोबाईल दाखवत बसवायचं का? अनुभव सांगा

खानापूर_रोड_मम्मी:
नमस्कार. आमचा लहाना साडेपाच वर्षांचा, खालची मागची दुधाची दाढ किडलीय, रात्री दुखतंय म्हणून रडत उठतो. टिळकवाडीत एका क्लिनिकला नेलेलं, एक्सरे काढेपर्यंत गप होता आणि मग डॉक्टरनी ते दात कोरायचं मशीन नुसतं हवेत चालू करून बघितलं तर हा खुर्चीवरून उडी मारून चप्पल न घालता सरळ बाहेर रस्त्यावर, मी मागं. आता डॉक्टर म्हणाले पुढच्या टायमाला त्याचं आवडतं कार्टून घेऊन या, बघत बघत काम उरकू. इकडं सासूबाई म्हणायल्यात, घरात मोबाईल बंद करायलीस आणि तिथं तूच हातात देणार व्हय? आणि आमचे हे म्हणतात दुधाचीच दाढ हाय, पडूदे की आपोआप. बेंगळुरात नणंदेच्या मुलीला डोळ्यावर तो व्हीआर, म्हणजे आत पिक्चर दिसणारा मोठा चष्मा, लावला होता म्हणे, तसलं इथं कुठं शोधायला पाहिजे का? खरंच उपयोग होतो का नुसतं फॅड?

निपाणीकर_अण्णा:
आमच्या टायमाला बा हात धरायचा, कंपाउंडर पाय धरायचा आणि डॉक्टर पक्कड घालून दाढ हातात द्यायचा. विषय संपला. आता जेवताना मोबाईल, झोपताना मोबाईल, दात काढताना पण मोबाईल. सासूबाई बरोबर बोलल्यात.

शहापूर_दोघांची_आई:
अण्णा, म्हणूनच तुमच्या वयाची माणसं गाल भोपळ्याएवढा सुजल्याशिवाय दातांच्या डॉक्टरकडं फिरकत नाहीत की ओ 😄

ताई, माझ्या मोठीचं असंच केलं, उपयोग झाला पण थोडी तयारी लागते. कार्टून घरातनंच डाऊनलोड करून न्या, तिथं नेट अडकलं किंवा मधेच जाहिरात आली की पोरगं लगेच डॉक्टरच्या हाताकडं बघतंय. आणि फार हसवणारं लावू नका, आमची खो खो हसायला लागली की डोकं हलायचं, डॉक्टरनी ते बंदच करायला लावलं मग हत्ती-वाघाचं काहीतरी लावलं. मोबाईल पोराच्या हातात देऊ नका, डॉक्टरच्या लाईटच्या आड येतो आणि पोरगं बघायला मान खाली घालतंय. मी बाजूला उभी राहून धरला, हात भरून आला, स्टँड असला तर बरं. गेम तर नकोच, हात चालू लागले की अंग पण हलतंय, गेम बाहेर नंबर येईपर्यंत ठीक. सुईच्या वेळी मात्र कार्टून-बिर्टून काही चाललं नाही, रडलीच ती. पण बधीर झाल्यावर परत बघायला लागली आणि भरायचं काम शांत झालं.

पेडो_डॉक्टर_बेळगाव:
मी लहान मुलांच्या दातांचं काम करते म्हणून थोडं लिहिते.

आधी घरच्या साहेबांसाठी. एकदम मागची दुधाची दाढ असेल तर ती साधारण १० ते १२ व्या वर्षी पडते, म्हणजे अजून निम्मं बालपण तिच्यावरच चावायचंय. आणि सहाव्या वर्षाच्या आसपास तिच्या मागून पहिली कायमची दाढ येते, पुढची दुधाची दाढ लवकर काढली तर ही मागची कायमची दाढ पुढं सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. त्यातनं रात्री दुखतंय म्हणजे कीड बहुतेक दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलीय, आता थांबायचं नाही.

स्क्रीनचं म्हणाल तर फॅड नाही. दुखणं आणि भीती दोन्हीला लक्ष लागतं, लक्ष दुसरीकडं गुंतलं की दोन्ही कमी जाणवतं. छताला टीव्ही, टॅब, व्हिडिओ चष्मा, सगळ्यावर बऱ्याच देशांत आणि आपल्याकडंही अभ्यास झालेत आणि बऱ्याच मुलांची भीती त्यानं कमी झालेली दिसते. पण बहुतेक अभ्यास लहान आहेत, त्यामुळं जादू म्हणून कोणी विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

माझं स्पष्ट मत सांगते, तुमच्या मुलाला कार्टून आत्ता नकोय, नंतर हवंय. तो पळाला ते आवाज अचानक आला म्हणून. आमच्यात १९५९ पासून एक पद्धत चालत आलीय, आधी सांगा, मग दाखवा, मग करा. ते मशीन पहिलं त्याच्या नखावर फिरवून दाखवायचं (ब्रश लावून, ड्रिल नाही), थंड पाणी उडतं ते हाताला लागू द्यायचं, आवाज कसला ते कळू द्यायचं. एवढं झाल्यावर कार्टून लावलं तर ते कंटाळवाण्या अर्ध्या तासाला कामाला येतं. उलटं केलं, म्हणजे कार्टूनमध्ये गुंतवून गुपचूप सुई मारली, तर पुढच्या वेळी ते पोरगं मोबाईल बघितला तरी तोंड उघडणार नाही. डावा हात वर केला की डॉक्टर थांबणार, हे पण आधी ठरवा, आणि खरंच थांबायला सांगा. काही डॉक्टर तोंड उघडं असेपर्यंत व्हिडिओ चालू, मिटलं की बंद असं करतात, काही मुलांना ते छान जमतं.

व्हीआरच्या मागं लागू नका. जड असतो, नाकावर बसतो, आमच्या हाताला आडवा येतो, आणि बऱ्याच कंपन्या स्वतःच १० किंवा १३ वर्षांखाली वापरू नका म्हणतात. काही मुलं तर समोरचं काहीच दिसेना म्हणून जास्त घाबरतात.

सासूबाईंना सांगा, रोजच्या मोबाईलचा नियम तसाच राहूदे, हा अर्धा तास औषधासारखा धरा. फक्त घरी "गप बस नाहीतर डॉक्टर सुई मारतील" हे कोणी म्हणायचं नाही, आजोबांनी पण नाही 🙏 टिळकवाडीत जमलं नाही तर नेहरूनगरचं केएलई किंवा बॉक्साइट रोडचं मराठा मंडळ, दोन्ही डेंटल कॉलेजं आहेत, तिथं लहान मुलांचा विभाग विचारा.

खानापूर_रोड_मम्मी:
लय आभार डॉक्टर. एक अडचण, आमचे डॉक्टर कन्नड बोलतात आणि पोराला मराठीशिवाय हिंदी कार्टूनपुरतीच येते. कानात इअरफोन घातला तर मशीनचा आवाज कमी येईल पण ते "बायी तेगी" (तोंड उघड) म्हणाले तर ह्याला काय कळणार?

पेडो_डॉक्टर_बेळगाव:
एकाच कानात घाला, आवाज बारीक. तोंड उघड, मिट, थुंक, एवढं खुणेनं घरी दोन-तीन दिवस खेळून घ्या, तुम्ही डॉक्टर आणि तो पेशंट, मग उलट. डॉक्टरना पण त्या खुणा दाखवून ठेवा.

आणि हे सगळेच विसरतात, बधीर केलेलं दोन-तीन तास राहतं. बाहेर आल्यावर बक्षीस म्हणून परत मोबाईल दिला की पोरगं बघत बघत आपलाच ओठ चावतंय, दुसऱ्या दिवशी ओठ सुजून परत आमच्याकडं. तोवर कुंदा-बिंदा काही चावायला नको, मोबाईल पण नको, त्याच्या तोंडाकडं बघत बसा.

शहापूर_दोघांची_आई:
हे खरं हो, आमच्या धाकट्यानं गालच चावलेला.

निपाणीकर_अण्णा:
अर्धा तास ठीक. पण खुर्चीतनं उतरल्यावर मोबाईल परत पर्समध्ये गेला पाहिजे, तेवढं बघा ताई.