टॉप सर्जरी (छाती सपाट करायचं ऑपरेशन) ठरलीये पण घरी आई आणि मी दोघंच, कसं जमवू?

भांडुप_स्लो
ट्रान्स मॅन, वय २७, टी (टेस्टोस्टेरॉन हार्मोन) चालू आहे. सर्जरी करायचीच हे पक्कं आहे, मे महिन्यात बाइंडर (छाती दाबून सपाट ठेवणारा घट्ट कपडा) घालून भांडुप ते दादर लोकलने उभ्याने जा म्हणजे का ते कळेल. सायकियाट्रिस्टचं लेटर मिळालंय. पण सर्जन म्हणतात डबल इन्सिजन (छातीखाली दोन मोठे छेद), मला वाटलेलं कीहोल (निपलपाशी छोटा छेद) होईल, व्रण कमी. शिवाय चाळीतली खोली, मोरीत अंघोळ, खाली गादी टाकून झोपतो, आईचे गुडघे गेलेत. आई यावर बोलत नाही फारशी पण परवा विचारलं 'तिकडे डबा चालतो का', म्हणजे होकारच समजायचा. काम कुरिअरच्या गोडाऊनला, दिवसभर खोके उचलायचे. सुट्टी किती टाकू?

परळचा_पक्या
भावा कीहोल छाती लहान आणि कातडी घट्ट असेल तरच करतात, नाहीतर जास्तीची कातडी लोंबते आणि मग परत टेबलावर जावं लागतं. डबल इन्सिजनला व्रण मोठे पण छाती सपाट होते, निपल बहुतेक वेळा ग्राफ्ट करून, म्हणजे काढून परत शिवून बसवतात, तिथली संवेदना बरीच जाते, हे आधीच विचारून घे. सर्जनकडे तुझ्यासारख्या अंगकाठीच्या पेशंटचे फोटो माग, फक्त ताजे नाही, वर्षभरानंतरचे पण. आणि सिगरेट, तंबाखू, मिसरी काहीही असेल तर निदान चार आठवडे आधी आणि नंतरही बंद, निकोटिनने रक्तपुरवठा कमी होतो आणि ग्राफ्ट जाऊ शकतो. ऑफिसात बसून काम असेल तर लोक दोन-तीन आठवड्यांत जातात, तुझे खोके मात्र सहा आठवडे विसर, सर्जनने हो म्हटल्याशिवाय नाहीच. गर्दीच्या लोकलमध्ये वरची कडी धरणंही तेवढे दिवस नको.

लेकाची_आई
बाळा, माझ्या लेकाचं झालंय म्हणून लिहिते. खाली गादी नको, कोणाकडून तरी खाट आण, कारण जमिनीवरून उठताना हातावर जोर येतोच. पाठीखाली उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोपायचं. आईला सांग उठवताना हात धरून ओढायचं नाही, पाठीला आधार द्यायचा. शर्ट पुढून बटणाचे.
दोन्ही बाजूंना ड्रेनच्या, म्हणजे आत साठणारं रक्त-पाणी बाहेर काढणाऱ्या नळ्या असतात, टोकाला छोटा प्लास्टिकचा फुगा. तो रिकामा करून, दाबून धरूनच बूच लावायचं म्हणजे ओढ राहते. किती मिली आलं ते मी कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाखाली लिहायचे, डावं-उजवं वेगळं. आमच्या डॉक्टरांनी चोवीस तासांत २०-३० च्या खाली आल्यावर काढल्या. एकच बाजू अचानक फुगली, ताठ झाली, दुखायला लागली तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री फोन. मोरीत तांब्याने अंघोळ नाही, डॉक्टर सांगेपर्यंत ओल्या फडक्याने अंग पुसायचं.

ठाणे_लोकल
पैशाचंही बघून ठेव. मेडिक्लेमवाले म्हणतील कव्हर नाही, एक्सक्लूजनच्या यादीत ७ नंबरला 'चेंज ऑफ जेंडर ट्रीटमेंट्स' असतं. काही कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत मिळतं पण गोडाऊनला काँट्रॅक्टवर असशील तर कसलं काय. सरकारी हॉस्पिटलच्या प्लास्टिक सर्जरी ओपीडीत नक्की विचार, रांग लागेल पण खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. आणि ते 'आधी इतकी वर्षं टी पाहिजे' असं कोणी अडवलं तर ऐकू नको, डब्ल्यूपॅथच्या (ट्रान्स लोकांच्या आरोग्यावर काम करणारी जागतिक संघटना) २०२२ च्या स्टँडर्ड्समध्ये छातीच्या सर्जरीला हार्मोन्सची अट नाहीये. तुझं चालूच आहे म्हणा, पण बाकीचे वाचतात म्हणून लिहिलं.

भांडुप_स्लो
थँक्यू सगळ्यांना. खाट शेजारच्या काकांकडे आहे, विचारतो. काकू तुमचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणतेय पथ्य काय?

लेकाची_आई
विशेष काही नाही, डाळ-अंडी भरपूर दे म्हणावं. पण पेनकिलरने पोट धरतं आणि कुंथलं की टाक्यांवर ताण येतो, म्हणून पपई, पालेभाजी, भरपूर पाणी. आणि आईंना म्हणावं हॉस्पिटलला डबा चालतो का ते अ‍ॅडमिट होतानाच विचारा, काही ठिकाणी गेटवर अडवतात.